बागेतल्या पक्ष्यांचे फोटो वारंवार धूसर येतात: कारण कुठे शोधायचं?

बुलबुल फांदीवर येऊन बसतो, उजेड बरा असतो, हातात चांगली झूम लेन्स असते. धडाधड तीस-चाळीस फोटो निघतात आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसतात. संगणकावर उघडले की डोळा पुसट आणि पिसांचा पत्ता नाही. मग कोणी सांगतं शटर स्पीड (शटर उघडून मिटण्याचा वेग) वाढव, कोणी म्हणतं ट्रायपॉड घे, कोणी थेट लेन्सच बदलायला लावतं. एखादा बदल केला की दोन दिवस फोटो बरे येतात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्रास परत परत उद्भवतो, कारण आपण निदान न करताच औषध बदलत राहतो. फोटो धूसर होण्याची पाच-सहा कारणं आहेत, ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कधी कधी तर नुकसानच होतं. फोकस हुकलेला असताना शटर स्पीड वाढवला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वर चढतो आणि तोच हुकलेला फोटो आता दाणेदारही दिसतो. खरं कारण त्या खराब फोटोतच दिसत असतं. त्यामुळे एक आग्रहाची विनंती: खराब फोटो लगेच पुसू नका. निदान एका सकाळचे सगळे जपून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे.

खराब फोटो वाचायचा कसा

फोटो मोठ्या पडद्यावर १०० टक्के आकारात उघडा. आधी पक्ष्याचा डोळा पाहा, मग त्याच्या पायाखालची फांदी, मग पुढची-मागची पानं.

फांदीच्या सालीच्या रेषा स्वच्छ दिसतात, पण डोकं किंवा शेपटी फासल्यासारखी झाली आहे? पक्षी हलला. पक्षी पुसट आहे, पण त्याच्या मागचं पान किंवा पुढची काडी धारदार आली आहे? फोकस भलतीकडे गेला. पक्षी, फांदी, पानं सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं आहे आणि पानांवरचे चमकते ठिपके ठिपके न राहता छोट्या रेघा झाल्या आहेत? कॅमेरा हलला. फोटोत कुठेच काही धारदार नाही, ओढल्याची दिशाही नाही, नुसतं दुधाळ दिसतंय किंवा कडा दुहेरी दिसतायत? तर वाटेत काहीतरी आहे: काच, तापलेली हवा, बाष्प, फिल्टर किंवा लेन्सवर उमटलेलं बोट. आणि पूर्ण फोटो चांगला दिसतो, पण पक्ष्यापुरता क्रॉप केला की सगळं विरघळतं, तर अडचण अंतराची आहे.

एकच फोटो बघून थांबू नका, सलग काढलेली अख्खी मालिका पाहा. माझ्या मते निदानाची ही सगळ्यात भरवशाची पायरी आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. दहांतले तीन धारदार आणि सात पुसट असतील तर लेन्स ठणठणीत आहे. हालचाल किंवा फोकस यांपैकी एक दोषी. दहाच्या दहा एकसारखे मऊ असतील तर हालचालीला दोष देऊ नका, दहाही वेळा सारखंच कोणी हलत नाही. तिथे काच, फिल्टर, लेन्स यांच्याकडे वळा. आणि प्रत्येक फोटोत पक्ष्याची कड वेगवेगळ्या ठिकाणी लहरल्यासारखी वाकत असेल, तर तापलेली हवा.

प्रत्येक फोटोसोबत शटर स्पीड, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र; ‘एफ’चा आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ आणि फोकल लेंथ (लेन्सचा झूम, मिमीमध्ये) यांची नोंद आपोआप साठवलेली असते. तीही बघून ठेवा, पुढे लागेल.

पक्षी हलला

बागेतले लहान पक्षी बसलेले असतानाही स्थिर नसतात. शिंपी एका सेकंदात डोकं दोनदा फिरवतो, धोब्याची शेपटी सतत वरखाली, आणि नाचण तर नावाप्रमाणेच. आपल्याला तो ‘बसलेला’ वाटतो, कॅमेऱ्याला नाही. बसलेल्या लहान पक्ष्यासाठी १/५०० सेकंद ही किमान पायरी धरा, शक्य असेल तर १/८००. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून जलद. फुलापुढे हवेत थरथरत राहणाऱ्या सूर्यपक्ष्याचे पंख गोठवायचे असतील तर १/३२०० आणि पुढे. पण तिथे मी हट्ट धरणार नाही. डोळा लखलखीत असेल तर पंखांची थोडी पुसट झुळूक फोटोला जिवंत करते.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. लेन्सवर किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, मग १/१०० ला काढलं तरी चालेल असं वाटतं. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं कंपन सावरतं, पक्ष्याची मान नाही. म्हणूनच अशा फोटोंत फांदी कोरल्यासारखी येते आणि पक्षी पुसट. हे लक्षण दिसलं की स्टॅबिलायझेशनचा विषय बंद करा आणि शटर स्पीड वाढवा.

मग उजेड पुरत नाही, हे खरंच. हिशेब असा असतो: लख्ख उन्हात एफ/५.६ ला १/८०० सेकंद हवा असेल तर आयएसओ १०० पुरतो. उघड्या सावलीत साधारण तीन स्टॉप उजेड कमी होतो (दर स्टॉपला निम्मा), म्हणजे तिथे ८०० लागतो. दाट झाडाच्या पोटात ३२०० किंवा त्याहून जास्त. आणि बागेतले पक्षी बहुधा त्या दाट झाडाच्या पोटातच असतात. अनेकांना ३२०० हा आकडा बघून धडकी भरते आणि ते शटर स्पीड खाली आणतात. असं करू नका. दाणेदार पण धारदार फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. सोपी व्यवस्था म्हणजे मॅन्युअल मोड, शटर स्पीड आणि अॅपर्चर स्वतः ठरवायचं, आयएसओ ऑटोवर सोडायचा. उजेड कमीजास्त झाला तरी १/८०० कायम राहतो.

एवढं करूनही उजेड अपुरा पडला तर क्षण निवडायला शिका. कबूतर किंवा होला चालताना नीट बघा. त्याचं डोकं सारखं पुढेमागे झुलतंय असं वाटतं, पण तसं नसतं. डोकं झटक्यात पुढे जातं, मग शरीर त्याच्याखाली येईपर्यंत भोवतालच्या मानाने जागच्या जागी थांबतं, मग पुन्हा झटका. त्या थांबलेल्या क्षणी काढलेल्या फोटोत चालत्या पक्ष्याचाही डोळा स्वच्छ येतो. फांदीवरचे पक्षीसुद्धा मान वळवून झाल्यावर निमिषभर थबकतात. पाच-सहा सलग फोटोंचे छोटे बर्स्ट घेतले की त्यातला एखादा त्या थबकण्यात सापडतो. बटण दाबून धरून शंभर फोटो काढण्यापेक्षा हे बरं, कारण शंभर काढताना आपलं लक्ष पक्ष्यावरून उडतं.

कॅमेरा हलला

याचं उत्तर लहान आहे. हातात धरून काढताना शटर स्पीड फोकल लेंथपेक्षा हळू नको: ४०० मिमीला निदान १/४००, आणि लहान सेन्सरचा, १.५ क्रॉपचा कॅमेरा असेल तर १/६००. वरचा १/८०० चा नियम पाळलात तर हा प्रश्न बहुधा उरतच नाही. तरी उरलाच, तर बटण दाबताना बोटाचा झटका बसतोय का ते बघा. डावा हात लेन्सखाली पुढे सरकवा, कोपरं अंगाला टेकवा. ट्रायपॉडवर असताना काही जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन स्वतःच कंप निर्माण करतं, तिथे ते बंद करून एकदा तुलना करा.

फोकस भलतीकडे गेला

माझ्या पाहण्यात सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात, आणि बिघडले की दोष मात्र लेन्सला मिळतो.

आधी किती जागेत खेळायचं आहे ते समजून घ्या. ४०० मिमी लेन्स, एफ/५.६, पूर्ण आकाराचा सेन्सर आणि पक्षी ४ मीटरवर असेल, तर पुढून मागे जेमतेम ३ सेंटिमीटर जागा धारदार येते. एफ/८ केलं तर ४ सेंटिमीटरच्या आसपास. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंटिमीटर. तो तोंड तुमच्याकडे करून बसला आणि फोकस छातीवर लागला, तर डोळा त्या पट्ट्याच्या कडेला जातो आणि चोच पुरती बाहेर. बाजूने बसला असेल तर जवळजवळ सगळा पट्ट्यात मावतो. म्हणून फोकस डोळ्यावरच, आणि पक्ष्याची बाजू दिसेल तो क्षण आधी टिपा.

आता कॅमेरा चुकतो कुठे? फोकसचे सगळे पॉइंट एकदम चालू ठेवले तर तो बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. बागेत ती वस्तू म्हणजे पक्ष्यापुढची काडी. नव्या कॅमेऱ्यांतलं पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकस मोकळ्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी फार उपयोगी आहे, पण पानांच्या जाळीत ते कधी पानावर, कधी फुलाच्या मध्यावर डोळा ‘शोधतं’. तिथे एकच छोटा पॉइंट निवडा आणि तो स्वतः डोळ्यावर ठेवा. सतत फोकस करणारा मोड लावा, कारण पक्षी फांदीवर दोन इंच पुढे सरकला तरी ३ सेंटिमीटरचा पट्टा केव्हाच मागे पडलेला असतो.

काळे पक्षी वेगळा त्रास देतात. कोतवाल किंवा नर कोकीळ यांच्या अंगावर पॉइंट ठेवला की लेन्स पुढेमागे घरघरत राहते, कारण त्या सलग काळ्या पृष्ठभागावर फोकसला धरायला काही नसतं. पॉइंट चोचीच्या कडेवर ठेवा, नाहीतर पाय फांदीला जिथे पकडतात तिथे, ती जागाही साधारण तेवढ्याच अंतरावर असते.

लेन्स उगाच घरघरत असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. बहुतेक मोठ्या लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं एक बटण असतं. ते ‘दूर’वर राहिलं असेल तर जवळचा पक्षी कितीही प्रयत्न केला तरी फोकसमध्ये येणार नाही. दुसरं, प्रत्येक लेन्सचं फोकसचं किमान अंतर असतं: सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीचं २.८ मीटर, सोनीच्या २००-६०० चं २.४ मीटर, निकॉनच्या २००-५०० चं २.२ मीटर. खिडकीच्या गजावर येऊन बसलेला दयाळ या अंतराच्या आत असतो. तिथे लेन्सची चूक नसते, दोन पावलं मागे जायचं असतं.

पक्षी येण्याआधीच रिकाम्या फांदीवर फोकस लावून ठेवण्याची सवय लावा. मग पक्षी आल्यावर लेन्सला शेवटचा थोडासा प्रवासच करावा लागतो.

आणि फोकस दरवेळी ठरावीक बाजूलाच चुकत असेल, म्हणजे कायम डोळ्याच्या मागे किंवा कायम पुढे, तर कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ तपासावा लागेल. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) फोकस मोजणारा भाग वेगळा आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगळा असल्यामुळे असं घडू शकतं. बारीक छपाईचा कागद पक्षी बसतो त्याच जागी लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून फोटो काढा. दुसऱ्यात अक्षरं स्पष्ट आणि पहिल्यात पुसट असतील तर मेळ बिघडला आहे. बऱ्याच डीएसएलआरच्या मेनूत तो थोडा सुधारण्याची सोय असते. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्यामुळे ही भानगड सहसा नसते.

काच, हवा आणि बाष्प

घरातून फोटो काढणाऱ्यांचा निम्मा प्रश्न इथे सुटतो. उघड्या डोळ्यांना खिडकीची काच स्वच्छ आणि सपाट दिसते. ४०० मिमी लेन्स तिच्यातली प्रत्येक लहर मोठी करून दाखवते. तिरक्या कोनातून काढलं तर आणखीच. लेन्सचं तोंड काचेला काटकोनात आणि जवळजवळ टेकवून धरा, बाहेरून-आतून काच पुसा, खोलीतले दिवे घालवा. शक्य असेल तर मागे गडद कापड लावा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब मध्ये येत नाही. दुहेरी काच असेल तर कडा दुहेरी येण्याचा संभव राहतोच. कारण काच आहे की नाही हे ठरवायला तोच रिकामा फांदीचा तुकडा एकदा काचेतून आणि एकदा खिडकी उघडून टिपा. फरक असेल तर दिसेलच.

खिडकी उघडूनही फोटो मऊच आले, तर हवा. एसीची थंड हवा आणि बाहेरची गरम हवा खिडकीच्या चौकटीतच मिसळते आणि तिथे ती लहरते. फोटो काढण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून खिडकी उघडी ठेवा. बाहेर दुपारी फरशी, सिमेंट, पत्रा यांवरून तापलेली हवा वर येते. त्यावरून पलीकडचा पक्षी टिपला की पिसं पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. गवतावरचा, तेवढ्याच अंतरावरचा पक्षी मात्र बरा येतो. याला शटर स्पीड, फोकस, महागडी लेन्स काहीही उपाय नाही. सकाळी लवकर काढा, किंवा जवळ जा.

थंड खोलीतून दमट हवेत कॅमेरा नेला की लेन्सवर बाष्प धरतं. पुढची काच पुसून साफ केली तरी आतल्या काचांवरचं तसंच राहतं आणि पहिल्या काही मिनिटांतले सगळे फोटो दुधाळ येतात. कॅमेरा बंद बॅगेतच बाहेर आणून ठेवा, तापमान सारखं होऊ द्या, मग उघडा. उलट, उबदार घरातून थंडीत गेलात तर तापलेल्या लेन्सपुढे, हूडच्या (लेन्सच्या तोंडावर बसवायच्या नळकांड्याच्या) आत गरम हवा अडकून राहते. तेव्हा थोडा वेळ हूड काढून ठेवलं तर फोटो सुधारतात.

लेन्स जपायला म्हणून लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर हेही मोठ्या लेन्सच्या मऊपणाचं नेहमीचं कारण आहे. काढा आणि तुलना करा. हूड लेन्सला जास्त चांगलं जपतं.

खरं मूळ: अंतर

आतापर्यंतच्या साऱ्या दोषांना एकत्र बळ देणारी गोष्ट म्हणजे पक्षी लांब असणं. १३ सेंटिमीटर लांबीचा शिंपी १० मीटरवर असेल तर ४०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे ५ मिमीची पडते, आणि पूर्ण आकाराच्या सेन्सरची रुंदी असते ३६ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तो सुमारे ९०० पिक्सेल लांब येतो. तोच ५ मीटरवर आला की लांबी दुप्पट होते, म्हणजे पिसांचा तपशील टिपायला चौपट पिक्सेल मिळतात. शिवाय मधली हवा निम्मी होते. लेन्स बदलून एवढा फायदा मिळवणं फार अवघड आहे. घरच्या बागेत तर अंतर ठरवणं आपल्या हातात असतं. रानात ही चैन नसते.

पण जवळ जायचं आपण नाही, पक्ष्याने यायचं. त्यासाठी पाणी सगळ्यात उत्तम. उथळ पसरट भांडं, पाणी २ ते ५ सेंटिमीटर खोल, तळ खडबडीत, मध्ये एक दगड. वरून थेंब थेंब पडत राहील अशी सोय केली तर हलत्या पाण्याकडे पक्षी लवकर येतात. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डासही होतात आणि पक्ष्यांत रोगही पसरतात. झुडूप दोन-तीन मीटरवर असावं, म्हणजे घाबरलेल्या पक्ष्याला उडून दडायला जागा राहते. अगदी लगत मात्र नको, तिथे मांजर दबा धरते.

भांड्याशेजारी एक सुकी, सालीसकट फांदी रोवा. पक्षी पाण्यावर उतरण्याआधी कुठेतरी टेकून अंदाज घेतात, आणि ते टेकणं तुमच्या फांदीवर व्हावं. पक्षी फांदीला साधारण आडवा बसतो, म्हणून फांदी तुमच्या दिशेने थोडी तिरकी ठेवली की त्याची बाजू दिसते. वारा असेल तर तो बहुधा वाऱ्याकडे तोंड करतो, तेही लक्षात घ्या. फांदीच्या मागे तीन-चार मीटर मोकळं असेल तर पार्श्वभूमी छान विरघळते आणि कॅमेऱ्याच्या फोकसला भुलायलाही काही उरत नाही. सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी येईल अशी बसायची जागा निवडा.

मग बसा, आणि पक्षी येण्याआधी बसा. पक्षी तुमच्या आकाराला जितके घाबरत नाहीत तितके हालचालीला घाबरतात. पक्षी आल्यावर कॅमेरा उचलून डोळ्याला लावणं हीच त्याला उडवून लावणारी हालचाल असते. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर, फांदीकडे रोखलेला, उंची जुळवलेली असू द्या. हलवायचं ते फक्त बोट. रोज त्याच जागी, त्याच वेळी बसलात तर काही दिवसांत साळुंक्या आणि बुलबुल तुम्हाला बागेतलाच एक भाग मानू लागतात. मुनिया आणि चष्मेवाल्यांचे थवे जास्त वेळ घेतात.

पक्ष्याने मान ताणली, पिसं अंगाशी घट्ट आवळली, एकच इशाऱ्याचा आवाज परत परत काढू लागला, तर तो फोटोसाठी पोझ देत नाहीये. तो तुमच्यामुळे अस्वस्थ आहे. मागे सरका किंवा आत जा. फोटोतही तो ताण दिसतो, असे फोटो मला कधी आवडले नाहीत.

बागेत घरटं असेल तर तिथे कॅमेरा नको, हे मी ठामपणे म्हणतो. फोटो स्पष्ट यावा म्हणून आड येणारं एक पान बाजूला केलं तरी पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट दिसते. आपण जवळ असेपर्यंत आई-बाप चोचीत अळी धरून लांबच्या फांदीवर ताटकळतात. पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाजही वाजवू नका. विणीच्या दिवसांत त्याला ती हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याची हाक वाटते आणि तो खाणं-भरवणं सोडून त्याला शोधत फिरतो.

पाण्याची जागा ठरवताना खिडकीच्या काचेचाही विचार करा. पक्ष्यांना काच कळत नाही, तिच्यातलं झाडांचं प्रतिबिंब खरं वाटतं. भांडं काचेपासून १ मीटरच्या आत असेल तर उडताना पक्ष्याला वेग मिळत नाही आणि धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता कमी होते. नाहीतर ते १० मीटरपलीकडे ठेवा. मधलं अंतर सगळ्यात धोक्याचं. काचेच्या बाहेरच्या बाजूने ५-५ सेंटिमीटरवर ठिपके चिकटवले तर धडका पुष्कळ कमी होतात, आणि लेन्स काचेला टेकवून धरली की ते ठिपके फोटोत दिसतही नाहीत. भांडं काचेजवळ ठेवलं तर ते मोठ्या लेन्सच्या किमान फोकस अंतराच्या आत येईल, हे मात्र खरं. मग कॅमेरा शेजारच्या खिडकीतून किंवा दारातून लावा.

फोनने काढत असाल तर

आधी लेन्स पुसा. मग तपासा की झूम करताना फोन खरंच टेलिफोटो लेन्स वापरतोय का. बरेच फोन उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की न सांगता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतात. झूम करून टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही तर ती लेन्स वापरातच नाही. फोनसाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तो स्टँडवर लावून पाण्याच्या भांड्याजवळच ठेवणं आणि ब्लूटूथच्या छोट्या बटणाने लांबून फोटो काढणं. पक्षी एक-दोन दिवसांत त्या वस्तूला सरावतात आणि झूमची गरजच उरत नाही.

धूसर वाटतं, पण नसतं

पक्षी धारदार आहे, फक्त डोळा पांढुरका, मोतीबिंदू झाल्यासारखा. ही पक्ष्याची तिसरी पापणी. ती डोळ्यावरून आडवी सरकून तो ओला ठेवते, आणि त्या क्षणी तुमचं बटण दाबलं गेलं. पुढचा-मागचा फोटो पाहा, तिथे डोळा स्वच्छ असेल. आंघोळ करताना पक्षी ही पापणी बराच वेळ मिटून घेतात.

उडत्या पक्ष्याचे पंख रबरासारखे वाकलेले आले, तर ती इलेक्ट्रॉनिक शटरची करामत आहे, मेकॅनिकल शटर लावा. पिसं मेणासारखी गुळगुळीत दिसत असतील तर कॅमेरा जेपेग बनवताना नॉइज घालवण्याच्या नादात तपशील पुसतोय. ते सेटिंग कमी करा किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं पुसट, फोटोत मात्र धारदार असेल, तर व्ह्यूफाइंडरशेजारचं डोळ्याच्या नंबरचं चाक फिरलेलं आहे.

तरीही मऊच

काच नाही, फिल्टर नाही, हवा थंड, अंतर ५ मीटर, शटर १/१६००, कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये. एवढं सगळं पाळून टिपलेला स्थिर छापील कागदही मऊ आला, तर आणि तेव्हाच लेन्सवर संशय घ्या. आधी अॅपर्चर एका स्टॉपने लहान करून पाहा, पुष्कळ झूम लेन्स शेवटच्या टोकाला आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरला थोड्या मऊच असतात. एफ/१६ च्या पुढे मात्र जाऊ नका, तिथे प्रकाश पसरण्यामुळे मऊपणा उलट वाढतो. मग अक्षरांनी भरलेला मोठा कागद सपाट भिंतीवर लावा, समोरून सरळ एक फोटो काढा, कॅमेरा उलटा धरून दुसरा. दोन्ही वेळा चौकटीची तीच बाजू पुसट आली, तर लेन्समधली एखादी काच सरकलेली आहे, बहुधा कधीतरी बसलेल्या धक्क्याने. चौकटीत पुसट बाजू बदलली, तर कागद किंवा कॅमेरा तिरका होता, पुन्हा लावून करा. लेन्स दुरुस्तीला देताना हे दोन्ही फोटो सोबत द्या, आणि कोणत्या फोकल लेंथला, किती अंतरावरून काढले ते लिहून द्या. नुसतं ‘फोटो नीट येत नाहीत’ एवढंच सांगितलं तर लेन्स पुसून परत मिळण्याचीच शक्यता जास्त.